जुन्या ट्रकमधील क्लच स्लेव्ह सिलिंडर : बदल व दक्षता

शेतमाल वाहतुकीच्या अनेक जुन्या ट्रकमध्ये हायड्रॉलिक क्लच असतो. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील तेल नळीवाटे गिअरबॉक्सलगतच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते व त्याचा पुशरॉड क्लचचा फोर्क ढकलतो. स्लेव्हचे रबरी सील झिजल्यास तेल गळते, पेडल खाली बसते आणि गिअर करकरतो. नुसती तेलाची भर घालत राहिल्यास नाशवंत मालासह गाडी घाटात अडकण्याचा धोका असतो.

तपासणी : स्लेव्हच्या रबरी आवरणाखाली ओल आहे का, ते पाहावे. तेथे कोरडे असल्यास नळी व मास्टर सिलिंडर तपासावेत.

बदल : गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. खाली भांडे ठेवून नळी सोडवावी, बोल्ट काढावेत. नवा सिलिंडर बसवताना पुशरॉड फोर्कच्या खाचेत नीट बसवावा. नळीचे आटे आधी हातानेच धरावेत.

हवा काढणे : हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. सहकाऱ्याने पेडल दाबून धरल्यावर निपल सैल करावा. पेडल सोडण्यापूर्वी तो घट्ट करावा. बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करावी. टाकी रिकामी होऊ देऊ नये, अन्यथा पुन्हा हवा शिरते.

दक्षता : टाकीच्या झाकणावर नमूद केलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. ब्रेक ऑइलच्या यंत्रणेत इंजिन ऑइल घातल्यास रबर फुगते. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. म्हणून निघालेले तेल पुन्हा वापरू नये, तसेच शेतात वा पाटात ओतू नये.