बांधावरचे झाड आणि परवानगीचा कागद
(ऊस विकास विभागाकडून)



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, वाटेवरचं झाड काढायचंय. रान आपलं, झाड आपलं, मग परवानगी कशाला?" ट्रॉली वळत नाही, हार्वेस्टर आत जात नाही, फांदी तारेला टेकते, अशी कारणे असतात आणि ती बहुतेक वेळा खरीच असतात. म्हणून या अंकात हा विषय नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, झाड आपले आहे हे खरे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 25 प्रमाणे, शासनाने राखून ठेवलेली झाडे सोडली तर, धारण जमिनीतील झाडांवर खातेदाराचाच हक्क असतो. पण मालकी वेगळी आणि तोडण्याची मुभा वेगळी. ऊस आपला असतो, तरी तोडीची चिठ्ठी आल्याशिवाय कोयता लागत नाही. तसेच हे आहे.

आपला गट कोणाच्या हद्दीत?

कुऱ्हाडीला धार लावण्याआधी हे बघा, कारण हद्दीप्रमाणे कायदा बदलतो.

गट ग्रामपंचायत हद्दीत असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागतो. हा कायदा अनुसूचीतल्या ठरावीक झाडांपुरता आहे. आपल्या भागात दिसणारी त्यातली झाडे म्हणजे आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, ऐन, अंजन. यातले कुठलेही झाड पाडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. निलगिरी, सुबाभूळ या अनुसूचीत नाहीत.

गट नगरपरिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा लागतो. तिथे जात बघत नाहीत. आंबा असो की निलगिरी, परवानगी हवीच. अर्ज नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे द्यायचा.

गावे वाढली, हद्दी वाढल्या, पण रानात ऊस तोच आहे. म्हणून इथेच फसगत होते. आमच्या पाहणीतले एक उदाहरण देतो, नाव नको. एका सभासदाने बांधावरची सात निलगिरी पाडली. "निलगिरीला काय परवानगी?" असे चार जणांनी सांगितले होते. पण रान वाढीव हद्दीत गेलेले. नोटीस आली, लाकूड जागेवर अडकले आणि त्याच ओंडक्यांनी वाट बंद झाली. तोडीला आलेली टोळी दुसऱ्या प्लॉटवर गेली आणि पक्व आडसाली ऊस उभा राहून वजनात मार खाल्ला. लाकडाचे पैसे राहिले बाजूला, उसाचे गेले.

तोडणे म्हणजे काय?

केवळ बुंधा कापणे म्हणजे तोडणे नव्हे. 1975 च्या कायद्यात झाड जाळणे किंवा कोणत्याही रीतीने त्याला इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. काही जण बुंध्याची साल गोल काढतात, तर काही बुडाला पाचट रचून पेटवतात आणि मग "आपोआप वाळलं" म्हणतात. असे करू नका. त्यात गुन्हा तर होतोच, शिवाय पाचटही जाते, जे सरीत कुजवले असते तर खोडव्याला लागू पडले असते.

कोणत्या कारणाला बळ आहे?

झाड वाळलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, त्यापासून माणसाला किंवा मालमत्तेला धोका असेल, किंवा वाहतुकीला अडथळा होत असेल, तर दोन्ही कायद्यांनी अर्जदाराची बाजू धरली आहे. "उसाला सावली पडते" या कारणाला तेवढे बळ नाही. तेव्हा खरे कारण स्पष्ट लिहा आणि ते जागेवर दिसेल असे लिहा. अधिकारी पाहणीला येतो. कागदावर वाळलेले आणि बघायला गेल्यावर हिरवेगार, असे झाले तर पुढचा खरा अर्जही संशयात जातो.

अर्जासोबत काय द्यावे?

1. चालू सातबारा व आठ-अ. बारा नमुन्याच्या शेऱ्यात झाडाची नोंद आहे का तेही पाहा.
2. गटाचा नकाशा व झाडाची जागा दाखवणारा हाती काढलेला साधा आराखडा.
3. झाडाची जात, संख्या, बुंध्याचा घेर आणि अंदाजे वय.
4. झाडाचे व अडचणीचे फोटो. वाट अडत असेल तर ट्रॉली उभी करून फोटो घ्या.
5. खाते सामाईक असेल तर सर्व खातेदारांची संमती. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याचीही सही घ्या. बांधावरचे भांडण कोर्टात गेले की झाडापेक्षा जास्त वर्षे जगते.

अर्जाची पोच घ्या. तोंडी "तोडा की" म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीचे पत्र आले की त्यातल्या अटी वाचा. नागरी कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तोडायच्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याची तरतूद त्यात आली. म्हणजे चाळीस वर्षांच्या आंब्याला चाळीस रोपे. पन्नास वर्षे व त्यावरील झाड वारसा वृक्ष धरले जाते. लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतूक पास लागतो का, हे वन खात्याकडे आधीच विचारा. रस्त्याकडेचे किंवा कालव्याकडेचे झाड त्या त्या खात्याचे असते, त्याला आपण हात लावू नये.

तोडलेच पाहिजे का?

आम्ही जागेवर जातो तेव्हा पुष्कळदा असे दिसते की अडचण एका फांदीची असते आणि तक्रार सगळ्या झाडाची. वाटेवर वाकलेली फांदी काढली की ट्रॉली जाते. तारेला टेकणारी फांदी वीज कंपनीला कळवून, लाईन बंद करूनच काढावी. बांधाकडच्या दोन-चार सऱ्यांत ऊस बारीक पडत असेल तर झाडापासून अंतर राखून एक खोल चर मारा. वरच्या थरातली मुळे तुटतात आणि पाणी-खत उसाला मिळते. मोठ्या मुळांना आणि बुंध्याला मात्र धक्का नको, नाहीतर पहिल्या वादळात झाड उसावर येईल. हद्द नगरपरिषदेची असेल तर छाटणीलाही आधी विचारा.

आंबा-चिंचेचे जुने झाड दरवर्षी काही ना काही देत असते. तोडीच्या टोळीची पोरं दुपारी त्याच सावलीत निजतात, बैलही तिथेच बसतात.

शेवटी वेळेचे सांगतो. चौकशी, पाहणी, हरकती यांत दिवस जातात. नागरी हद्दीत तर झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवतात. म्हणून टोळी दारात आल्यावर धावू नका. पावसाळ्यातच वाटेवरून एक चक्कर मारा, ट्रॉली कुठे अडेल ते बघा आणि अर्ज देऊन टाका. आपला गट कोणत्या हद्दीत येतो याची शंका असेल तर सातबारा घेऊन तलाठी कार्यालयात किंवा आमच्या गट कार्यालयात या. अर्ज लिहायला आमचे कर्मचारी मदत करतील. कागद हातात असला की झाड एका दिवसात निघते. नसला तर हंगाम अडतो.