बटाट्याची आरण आणि पाकोळीपासून रक्षण

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बटाट्याचे पीक दोन हंगामांत घेतले जाते. आंबेगावातील सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर खरीप बटाटा होतो. जेथे ओलिताची सोय आहे तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला रब्बी बटाटा फेब्रुवारीच्या सुमारास निघतो. त्यापुढे येणारा उन्हाळा हीच या मालाची खरी कसोटी होय. या काळात बटाटा टिकविण्याची पूर्वापार रीत म्हणजे आरण.

आरण कशी लावावी

दाट सावलीची, उंचवट्यावरील व पाणी न साचणारी जागा निवडावी. माल सावलीत सुकवून कापलेले, ठेचलेले व किडके बटाटे काढून टाकावेत. निवडलेल्या मालाचा ढीग रचून त्यावर गवताचे किंवा भाताच्या काडाचे जाड आच्छादन घालावे. आच्छादनामुळे ऊन लागत नाही व बटाटा हिरवा पडत नाही. मधून मधून ढीग तपासून नासका माल वेगळा करावा. एक नासका बटाटा शेजारच्या दहांना बिघडवितो.

आरणीचा शत्रू

बटाट्यावरील पाकोळी सन 1906 मध्ये इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबर हिंदुस्थानात शिरली. मादी बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते. अळी आत शिरून पोखरते व डोळ्यांशी काळसर विष्ठा दिसू लागते. उष्ण हवेत हिच्या पिढ्या झपाट्याने वाढतात. परंतु कीड आरणीत जन्मत नाही, ती शेतातूनच येते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून बियाणे पुरेसे खोल लावावे, वेळेवर मातीची भर द्यावी व भेगा बुजवाव्यात, म्हणजे बटाटे उघडे पडत नाहीत. पाकोळी संध्याकाळनंतर फिरते; यास्तव काढलेला माल रात्री शेतात पडू देऊ नये व तो बटाट्याच्या पाल्याने झाकू नये. आरणीत घाणेरीच्या वाळलेल्या पाल्याचा थर दिल्यास पाकोळीला अटकाव होतो.

आरण कोठवर वापरावी

खाण्याचा माल थोडे दिवस राखण्यास आरण अल्पखर्चाची व सोयीची आहे. बियाणे मात्र पूर्ण उन्हाळाभर आरणीत ठेवणे धोक्याचे ठरते, कारण उष्णतेने वजन घटते व कोंब निघून जोम जातो. शीतगृहात 2 ते 4 अंश सेल्सियसला पाकोळीची वाढ थांबते व कोंबही येत नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काढणीपूर्वीच हा फरक शेतकऱ्यांना समजावून द्यावा.