वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता?

"डॉक्टर, गॅस लीक नव्हता हो. वास कुठे आला?" थंडी पडली की नाहूरच्या दवाखान्यात हे वाक्य ठरलेलं. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेल्या बाईला घेऊन नवरा येतो. बीपी, साखर, हिमोग्लोबिन सगळ्यांची चौकशी होते. गीझर गॅसचा आहे का, असं मी विचारलं की त्याला माझाच संशय येतो. आठ वर्षं वापरतोय, कधी वास आला नाही, लीक असता तर कळलं नसतं का?

नसतं कळलं. हा गैरसमज इतका चिवट आहे की आज फक्त त्याच्याशीच भांडायचं ठरवलंय.

सिलिंडरमधला गॅस काय किंवा पाइपमधून येणारा काय, मुळात त्याला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. म्हणजे तुम्हाला येतो तो वास न जळलेल्या गॅसचा. माणसाला पाडणारा कार्बन मोनॉक्साइड त्या गॅसमध्ये नसतोच. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळला की तो तयार होतो, आणि मर्कॅप्टन तर तोवर ज्योतीत जळून गेलेलं असतं. म्हणून 'वास आला नाही' याचा अर्थ एवढाच, की गीझर पेटलेला होता. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही.

आपल्यापासून चौथ्या स्टेशनावर, घाटकोपरला, मार्च २०२३ मध्ये होळी खेळून घरी आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं होतं. गॅस गीझरमुळे गुदमरल्याचा पोलिसांचा प्राथमिक संशय होता. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी आंघोळीला गेली, बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावली. त्याच महिन्यात नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. दर वेळी आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतात. मग गुड मॉर्निंगची फुलं परत सुरू होतात.

आता एका पेशंटची गोष्ट. लिंक रोडजवळच्या टॉवरमध्ये राहणारी, कॉलेजात जाणारी मुलगी. आंघोळ करताना एकदा चक्कर येऊन पडली. आईचं निदान तयार होतं: उपास करते, डबा खात नाही, रात्री दोनपर्यंत मोबाइल. ओळखीच्या एका नाडीवाल्यानं 'शक्तीचं' चूर्ण दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा बाथरूममध्येच पडली, या वेळी हातपाय झटकले. घरच्यांनी नाकाला कांदा लावला, मग चप्पल. (चपलेनं फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जातं.) ईईजी, एमआरआय दोन्ही नॉर्मल. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुलीच्या लग्नाचं कसं व्हायचं, ही काळजीही घरात सुरू झाली.

मी आईला विचारलं, दोन्ही वेळा वार कोणता होता? रविवार. आंघोळीला शेवटी कोण जातं? हीच. रविवारी केस धुते ना, वेळ लागतो. गीझर कुठे? बाथरूममध्येच, दारावरच्या भिंतीला. खिडकी? त्यावर वडील खूश होऊन म्हणाले, कबुतरांचा फार त्रास होता, काचेच्या पट्ट्यांमध्ये थर्माकोल बसवून मीच टेपनं पक्कं बंद केलंय. फोनवर फोटोसुद्धा दाखवला. काम खरोखर सुबक होतं. एक फटही सोडली नव्हती.

गीझर बाहेर काढला, थर्माकोल काढून जाळी लावली. त्यानंतर तिला फिट आलेली नाही. न्यूरॉलॉजिस्टनं गोळ्याही हळूहळू बंद केल्या. हे वाचून कोणी आपल्या फिटच्या गोळ्या मनानं थांबवल्या, तर मात्र माझ्यापुढे उभं राहू नका.

आंघोळीच्या रांगेतल्या शेवटच्या नंबरला महत्त्व आहे. सहा लिटरचा गॅस गीझर स्वयंपाकघरातल्या चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस एकदम जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते आणि आपल्या चार बाय सातच्या बाथरूममध्ये सगळी मिळून हवा सहा-सात घनमीटर. पहिल्या माणसाची आंघोळ निभावते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी बंद खोलीतला प्राणवायू उतरत जातो आणि ज्योत मोनॉक्साइड ओकू लागते. शेवटी जाते ती बहुतेक घरांत बाई, सगळ्यांचं आटोपल्यावर, केस धुवायला. नरक चतुर्दशीला तर पहाटेची थंडी, घट्ट लावलेल्या खिडक्या आणि ओळीनं पाच अभ्यंगस्नानं. रंग खेळून आल्यावर तासभर घासत बसणं, तेही तसंच.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पायांतलं बळ जातं. मग विचार सुचेनासा होतो. खरा घात इथेच होतो, कारण दार उघडावं हे कळत असतं, पण कडीपर्यंत हात जात नाही. पुस्तकात लिहिलेला लालबुंद चेहरा जिवंत पेशंटमध्ये क्वचितच दिसतो, त्याची वाट पाहू नका.

पाहायचं ते वेगळं. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय का? घराबाहेर पडलं की बरं वाटतं आणि परत आलं की पुन्हा सुरू होतं का? ताप नाही, सर्दी नाही, तरी 'व्हायरल'सारखं वाटतंय का? असं असेल तर पॅरासिटामॉल आणि ॲसिडिटीच्या गोळीवर दिवस ढकलू नका. आणि कोविडपासून कपाटात पडलेला तो ऑक्सिमीटर, तो बोटाला लावून मला ९८ दाखवू नका. त्या यंत्राला प्राणवायूनं भरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइडनं भरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. पेशंट गुदमरत असतानाही ते ९८ दाखवील. खरी तपासणी रक्ताची, कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, आणि तीही लवकर व्हायला हवी. साध्या हवेत ते निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. उशिरा केलेला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून काही झालंच नव्हतं, असं होत नाही.

घाबरून उद्या गीझर भंगारात द्या, असं मी म्हणत नाही. बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावलेला आणि वर्षातून एकदा साफ करून घेतलेला गॅस गीझर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. ज्योत निळी हवी. पिवळी होऊ लागली, वरच्या पत्र्यावर काजळी दिसली, की वापर बंद करून मेकॅनिकला बोलवा. पण 'बाहेर' म्हणजे खरंच बाहेर. ड्राय बाल्कनीत लावायचा आणि नंतर तिलाच स्लायडिंगच्या काचा बसवून धान्याचे डबे ठेवायचे, हे बाहेर नव्हे. बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. तो बंद पडला की 'बिघडलाय' म्हणत लगेच पुन्हा चालू करणारे महाभागही मला भेटलेत.

आता अलार्म. "आमच्याकडे डिटेक्टर आहे," असं अभिमानानं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे असतो तो गळतीचा. तो एलपीजी ओळखतो, मोनॉक्साइड नाही. शिवाय सिलिंडर जाऊन घरात महानगर गॅसचा पाइप आला तरी तो डिटेक्टर जमिनीलगतच असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली बसतो. पाइपचा गॅस हलका, छताकडे जातो. मोनॉक्साइड साधारण हवेच्याच वजनाचा, सगळीकडे पसरतो, आणि त्याला वेगळा अलार्म लागतो. त्यावर 'ईएन ५०२९१' किंवा 'यूएल २०३४' हे मानक छापलेलं आहे का, ते पाहून घ्या. रंग बदलणारी स्टिकरं घेऊ नका, झोपलेल्या माणसाला ती उठवत नाहीत. अलार्म बाथरूमच्या आत लावू नका, वाफेनं खराब होतो. बाथरूमच्या दाराबाहेर एक आणि झोपायच्या खोलीत, पलंगावरून श्वास घेतो त्या उंचीवर एक. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासा. मधूनमधून एकच 'टिक' वाजली तर बहुधा बॅटरी संपत आलीय. ती बदला, त्रास होतो म्हणून काढून ठेवू नका. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, बदलायची तारीख मागे लिहिलेली असते. अलार्म आहे म्हणून थर्माकोल परत बसवायला मोकळीक नाही. आणि हवा शुद्ध करणारं म्हणून फॉरवर्ड होणारं ते स्नेक प्लांट कुंडीत शोभून दिसतं, त्यापलीकडे या कामाचं नाही.

एक राहिलं, बाळंतिणीची शेगडी. बाजेखाली निखारे, ओव्या-शेपेची धुरी आणि वारा लागू नये म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या. आजींचा मान राखून सांगते, निखाऱ्यांचा धूर दिसेनासा झाला तरी मोनॉक्साइड येतच असतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर तो आईपेक्षाही जास्त बाधतो. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्या. पवना तलावाकाठी तंबूत शेगडी आत घेऊन झोपणाऱ्या तरुणांनाही हेच लागू.

कोणी बाथरूममध्ये पडलंच, तर दार-खिडक्या सताड उघडा, जमेल तसा गॅस बंद करा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी आजच बसवून घ्या. पाणी पाजू नका, कांदा-कापूर शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. शुद्धीवर येऊन "मी बरी आहे" म्हणाली तरी रुग्णालयात न्या, कारण विसरभोळेपणा, चालताना अडखळणं, स्वभावातला बदल काही दिवसांनी, कधी महिन्याभरानंही दिसू शकतो. आणि तिथल्या डॉक्टरांना बीपी-साखरेच्या आधी पहिलं वाक्य हे सांगा: आंघोळ करताना पडली, घरात गॅस गीझर आहे.