कालवडीची भीती

कालवड व्याली, पण धारेला उभी राहत नाही. लाथ झाडते, पान्हा चोरते. लोक म्हणतात, जनावर खोडकर आहे. बहुधा ते खोडकर नसते, भ्यालेले असते.

माणूस पाहून गाय घाबरली, की तिच्या रक्तात भीतीचा रस उतरतो. पान्हा सोडविणारा रस त्याने अडतो. दूध कासेतच राहते. मग सड कितीही ओढा!

ही भीती घालवायची ती वासरू लहान असताना. पहिले काही आठवडे रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. हळू बोला. मानेखाली, पोळीवर हात फिरवा; गुरे एकमेकांना मानेशीच चाटतात. पाठीमागून एकदम जाऊ नका. गुराला दोन्ही बाजूंचे दिसते, थेट मागचे दिसत नाही. आधी आवाज द्या, मग हात लावा. मोठेपणीही सवय लागते, पण दिवस फार लागतात.

आमच्या घरी एक कालवड होती. दावे तोडी म्हणून मी तिला काठीने मारी. (पोरांनाही तेव्हा छडी देत असे, ती गोष्ट वेगळी.) व्याल्यावर ती आमच्या मंडळींना धार काढू देई. मी गोठ्याच्या दारात दिसलो, की पान्हा आखडी. दोन वर्षे धारेच्या वेळी मी अंगणातच थांबलो.