दुकानाची चोपडी आणि देहाची चोपडी



नानाखेड्यातील आमच्या घरी आजोबांच्या काळच्या मोडी लिपीतील चोपड्या अद्याप जपून ठेविलेल्या आहेत. कोणास किती मण गहू उधार दिला व तो पैसा केव्हा वसूल झाला, हे त्यांवरून आजही सांगता येते. परंतु त्याच आजोबांस कोणता विकार होता व कोणते औषध चालू होते, हे सांगणारे एक चिठोरेही घरात नाही. आमची पिढी याहून शहाणी निघाली असे म्हणण्याची सोय नाही, हे पुढील प्रसंगावरून दिसेल.

काही वर्षांमागे माझे थोरले बंधू रात्री जिन्यावरून पडले. डोक्यास मार लागला. आम्ही त्यांस तसेच इंदूरला नेले. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘रक्त पातळ होण्याचे औषध घेतात काय?’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. वहिनींसही ठाऊक नव्हते. अखेर पुतण्याने मुनीमजींस मध्यरात्री उठवून पेढी उघडविली, तेव्हा गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात औषधांची चिठ्ठी सापडली. औषध चालू होते! दादा वाचले, पण त्या दोन तासांत काय होऊ शकले असते, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितले तेव्हा माझे हातपाय गार पडले.

दादांनी आजार लपविला होता, आणि का लपविला हे बाजारात बसणाऱ्यास सांगावयास नको. शेठजी आजारी आहेत अशी कुजबूज उठली की ठेवी मागावयास लोक येतात आणि आडतीचा माल दुसऱ्या दुकानी वळतो. तेव्हा आरोग्याची माहिती योग्य वेळी योग्य माणसास मिळावी व अन्य कोणास मिळू नये, अशी ही दुहेरी अडचण आहे. संगणकावरील नव्या व्यवस्थेची परीक्षा मी याच कसोटीवर करतो.

व्यापारात ही व्यवस्था आपण स्वीकारलीच आहे. मंडीतून माल बाहेर काढावयाचा तर ई-अनुज्ञा संगणकावरच घ्यावी लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि प्रत्येक जिनसास अंकांची ओळख लागू लागली. गहू म्हणजे १००१, सोयाबीन म्हणजे १२०१. आपण ‘गहू’ म्हणा, शेजारी ‘गेहूं’ म्हणो, अंक एकच. अंक एक असल्यामुळेच एका दुकानाची कीर्द दुसऱ्या दुकानाच्या खतावणीशी ताडता येते. वैद्यकातही जागतिक आरोग्य संघटनेने रोगांस असेच संकेत दिले आहेत. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत प्रौढपणी होणाऱ्या सामान्य मधुमेहास ‘ई ११’ हा संकेत आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. डॉक्टरांचे अक्षर कसेही असो, संकेत बरोबर असला म्हणजे उज्जैनचा कागद मुंबईत वाचता येतो.

आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकास ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. पुष्कळांचा समज असा की आपले सर्व कागद दिल्लीच्या एखाद्या कोठीत जाऊन पडतात. वस्तुस्थिती तशी नाही. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर माल वखारीत राहतो आणि पावती फिरते. तपासणीचा अहवाल ज्या रुग्णालयाचा, त्याच्याच दप्तरी तो राहतो. दुसऱ्या डॉक्टरास तो पाहावयाचा असल्यास रुग्णाच्या मोबाईलवर विचारणा येते. कोण पाहणार, कशासाठी, कोणत्या काळातील कागद व किती मुदतीपर्यंत, हे त्या विचारणेत असते. रुग्णाने होकार दिला तरच कागद उघडतो आणि दिलेला होकार परत घेता येतो. दादांची बाजाराविषयीची भीती येथे पुष्कळ अंशी दूर होते. कारण मुनीमासही न कळविता कागद जपता येतो.

‘पुष्कळ अंशी’ हे शब्द मी हेतुपुरस्सर लिहिले आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस तेथे नोंदी हातांनी लिहाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, मग लहान दवाखान्याची काय कथा? आमच्या पेढीचाही संगणक एकदा मार्चअखेरीस बंद पडला. हिशेबाची दुसरी प्रत होती, पण ती त्याच संगणकात! वर्षाचे शेवटचे दोन महिने पुन्हा कच्च्या चिठ्ठ्यांवरून उतरून काढावे लागले. तेव्हापासून दुसरी प्रत घरी राहते.

दुसरी उणीव याहून मोठी. माणूस बेशुद्ध असता होकार कोण देणार? त्या रात्री दादांपाशी आभा क्रमांक असता तरी आम्हांस तेवढ्याने उत्तर मिळाले नसते. म्हणून आता त्यांच्या खिशातील पाकिटात एक जाड कागद असतो. त्यावर औषधांची नावे, मात्रा, रक्तगट व पुतण्याचा मोबाईल क्रमांक लिहिलेला आहे. औषध बदलले की कागद बदलतो. हे काम वहिनींनी आपल्याकडे घेतले आहे व त्यात चूक होत नाही.

नोंदणी करू इच्छिणाऱ्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. आपल्या घरांत सर्व वडीलधाऱ्यांच्या कागदांवर एकाच मुलाचा मोबाईल क्रमांक देण्याची रीत आहे. मग होकाराचा अधिकारही नकळत त्या मुलाकडे जातो, आणि ज्याच्यापासून आजार लपवावयाचा त्याच्याच हाती किल्ली पडते. ज्याचे खाते त्याचा क्रमांक असावा, आणि मोबाईलवर येणारा ओटीपी ‘मी रुग्णालयातून बोलतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसास कदापि सांगू नये. दुसरी गोष्ट नावाची. दादांचे नाव आधार कार्डावर आडनावासह आहे, एका रुग्णालयात आडनावाशिवाय, आणि तिसऱ्या ठिकाणी जन्मसाल दोन वर्षांनी चुकलेले. एकाच असामीची तीन खाती पडली म्हणजे ताळा कसा जुळावा? त्यांतील दोन खाती आम्ही अर्ज देऊन एक करून घेतली. तिसऱ्या ठिकाणचा कारकून म्हणतो, जुनी वही वरच्या माळ्यावर आहे. आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.