जंगलातील होडीची सहल : आधी परवानगी, मग मुक्काम, मग औषधे

मागच्या आठवड्यात घनसावंगीकडची चार मुले दवाखान्यात आली. कोणीही आजारी नव्हते. "डॉक्टरसाहेब, दासनवमीला सज्जनगडला चाललो. तिथून पुढं वासोटा करायचा, होडीतून जातात म्हणे. सोबत कोणती औषधं न्यावीत?"

समर्थांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यातले. त्यामुळे इकडून सज्जनगडला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अलीकडे त्याला जोडून कास, बामणोली आणि वासोटा करण्याची हौस तरुणांत वाढली आहे. हौस चांगलीच आहे. मी विचारले, "परवानगीचं काय केलं? आणि रात्री राहणार कुठं?" चौघे एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणाला, "ते तिथं गेल्यावर बघू."

मी चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहिले 'परवानगी', दुसऱ्या ओळीत 'मुक्काम', आणि त्याखाली औषधे. मुलांना वाटले डॉक्टर थट्टा करतात. पण तो क्रम मी स्वतः केलेल्या एका चुकीतून शिकलो आहे.

परवानगी कशासाठी?

वासोटा किल्ला सातारा जिल्ह्यात, जावळीच्या दाट जंगलात आहे. कोयना धरणाच्या पाण्याने जो प्रचंड जलाशय तयार झाला त्याला शिवसागर म्हणतात. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचे, तेथून यांत्रिक होडीने तास-दीड तास पाण्यातून गेले की मेट इंदवली येते. तेथून जंगलातली चढण सुरू होते. हा भाग १९८५ पासून कोयना अभयारण्य म्हणून राखीव आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. म्हणून वनखात्याची परवानगी लागते. माणसांची नोंद होते, सोबतच्या प्लॅस्टिकची तपासणी होते आणि संध्याकाळच्या आत परत फिरावे लागते. जंगलात रात्री राहण्यास मनाई आहे. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. वेळा व शुल्क बदलत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पुष्कळांना ही कटकट वाटते. डॉक्टर म्हणून मला ती तशी वाटत नाही. नोंदवहीत तुमचे नाव असते, म्हणजे संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत तर कोणाला तरी ते कळते. जंगलात हरवलेल्या किंवा पाय मोडून पडलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या एका ओळीचे मोल फार आहे.

ही रीत आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत, 'बाउंडरी वॉटर्स' नावाचा सरोवरांचा विस्तीर्ण जंगली प्रदेश आहे. लोक वल्ह्याच्या लहान होड्यांतून तेथे दिवसचे दिवस फिरतात. मे ते सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशस्थानी रोज ठरावीकच परवाने मिळतात. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे व चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत. तंबू नेमून दिलेल्या जागीच ठोकायचा. तेथे जाळ करण्याची शेगडी आणि शौचाची सोय केलेली असते. त्यामुळे काठावर घाण होत नाही व पाणी स्वच्छ राहते. म्हणजे परवान्यात आरोग्याचा विचार आलाच.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ मित्र सहकुटुंब त्या भागात गेलो होतो. तारीख ठरली, गाड्या ठरल्या, खाण्याचे डबे ठरले. बाकीचे 'तिथं गेल्यावर बघू'. पोहोचायला उशीर झाला, कागदपत्रांत वेळ गेला, होडी उशिरा मिळाली. परत काठावर आलो तेव्हा दिवस मावळला होता. मुक्काम ठरलेला नव्हता. गावाजवळ जागा शोधण्याऐवजी, रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर पाण्याच्या अगदी कडेला आम्ही अंधारात तंबू लावायला घेतले.

आमच्यातले एक शिक्षक मित्र मधुमेही, इन्शुलिनवर होते. त्यांनी नेहमीच्या वेळी, सातला, इंजेक्शन घेतले. जेवण अर्ध्या तासात होईल असे त्यांना वाटले. लाकडे ओली निघाली, चूल पेटेना. नऊ वाजता वहिनी माझ्याकडे धावत आल्या. "भाऊजी, हे बघा ना, काहीच्या काही बोलायला लागलेत." जाऊन पाहिले तर अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, मला ते ओळखत नव्हते. रक्तातली साखर उतरली होती. चहासाठी आणलेली साखर हाताशी होती, गिळता येत होते, म्हणून पाण्यात घोळून पाजली. वीस मिनिटांत ते भानावर आले.

साखर दुसऱ्या गाडीत राहिली असती तर? फोनला रेंज नव्हती, अंधारात होडी नव्हती आणि रुग्णालय दूर होते. पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेला डॉक्टर सोबत असून आम्ही त्या अवस्थेला पोहोचलो, कारण जेवण कोठे व किती वाजता हे कोणी ठरवलेच नव्हते. मीही विचारले नव्हते. ते शिक्षक आजही भेटले की, "डॉक्टर, साखर आहे ना खिशात?" असे विचारतात. आम्ही दोघेही हसतो, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी

दिवसभर चढउतार केल्यावर साखर रात्री उशिरापर्यंतही उतरू शकते. म्हणून अशा दिवशी इन्शुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस किती ठेवायचा हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. जेवण पानात वाढल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि ते कोठे आहे हे सोबत्याला सांगा. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवून दवाखाना गाठा. इन्शुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात जवळ बाळगावे. चालताना छातीत दुखणाऱ्यांनी किंवा दम लागणाऱ्यांनी तपासणी केल्याशिवाय चढणीची परवानगी घेऊच नये.

मुक्कामाची जागा कशी असावी?

१. जंगलात नव्हे, गावाजवळ व गाडीरस्त्यालगत. बामणोली, तापोळा या बाजूंना राहण्याच्या सोयी आहेत. जागा आधी ठरवा आणि घरी कळवून ठेवा.

२. पाण्याच्या कडेला नव्हे, उंचावर. नदीकाठी तर हा नियम अधिकच पाळा. शहागडला गोदाकाठी राहणाऱ्यांना ठाऊक आहे की वर धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे आपल्याकडे पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढते.

३. दगडांचे ढीग, वारुळे, पालापाचोळा व गवत यांपासून दूर.

४. शौचाची जागा पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, खड्डा करून, वर माती लोटून.

५. पिण्याचे पाणी एक मिनिटभर खळखळून उकळलेले. जलाशयाचे पाणी डोळ्यांना कितीही नितळ दिसो, ते तसेच पिऊ नये. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा.

होडीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगात घालून पट्टे बांधावेत. ते मांडीवर ठेवून उपयोग नाही. 'मला पोहता येतं' म्हणणारेही कपडे-बुटांसह पाण्यात पडले की दमतात. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊच नये.

साप आणि विंचू

मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना इतकी कमी असते की पुष्कळदा चावा कळतही नाही. म्हणून उघड्यावर झोपू नका. तंबूची चेन पूर्ण बंद करा, नाहीतर खाट व मच्छरदाणी वापरा. साप चावल्यास माणसाला झोपवून ठेवा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, १०८ ला फोन करा व रुग्णालयात न्या. करकचून दोरी बांधणे, कापणे, चोखणे यांत नुकसानच होते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर असते. पश्चिम घाटातल्या चापड्यांवर तिचा भरवसा नाही. म्हणून पाऊल जपून टाकणे हाच खरा उपाय.

विंचवासाठी सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचू चावून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे सुरू झाले तर तो हृदयावर आलेला प्रसंग समजावा. त्यावर प्राझोसिन हे औषध कसे उपयोगी पडते, हे कोकणात महाडला राहून जगाला दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्याच भोकरदन तालुक्यातले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. औषध आहे; ते वेळेत मिळण्याइतके दवाखान्याजवळ आपण असले पाहिजे.

परत आल्यावर

सहलीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, 'मी जंगलात व जलाशयावर गेलो होतो.' चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. दुसऱ्यात कधी कधी काखेत, जांघेत विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसतो. दोन्ही वेळेत ओळखले तर बरे होतात. न सांगितल्यास साधा ताप समजून मोलाचे दिवस जातात.

आपल्या शेजारच्या नाथसागरावर जाणाऱ्यांनाही हेच सांगणे. तोही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथेही वनखात्याला विचारून आणि दिवस मावळायच्या आत परतण्याच्या बेतानेच जावे.

ती चार मुले परवा पुन्हा आली. होडीची व परवानगीची चौकशी झाली होती, बामणोलीत खोली ठरली होती, कागदाची एक प्रत घरच्या भिंतीवर लावून आली होती. मग मी औषधांची यादी दिली : साखरमिठाची पाकिटे, तापाची गोळी, पट्टी, कापूस, जंतुनाशक मलम. यादी फार छोटी निघाली म्हणून त्यांना आश्चर्य वाटले. वरच्या दोन ओळी नीट भरल्या असल्या की खालची यादी छोटीच पुरते.