कंटेनर क्लस्टरशी जोडणी : शोध आणि व्यवस्थापन

हवामानाधारित पीक सल्ला, बाजारभाव, माती परीक्षणाच्या नोंदी अशा डिजिटल सेवा आता अनेक ठिकाणी कंटेनर स्वरूपात चालविल्या जातात. कंटेनर म्हणजे संगणकीय आज्ञावली व तिला लागणारे साहित्य यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. संगणकांच्या समूहावर, म्हणजेच क्लस्टरवर, अशी गाठोडी चालविणारी प्रचलित प्रणाली म्हणजे कुबरनेटिस. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. कृषी केंद्रातील सेवा सांभाळणाऱ्यांनी या क्लस्टरशी होणारी जोडणी समजून घेणे आवश्यक आहे.

जोडणीची नोंद

जोडणीची माहिती क्यूबकॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये असते. तिचे तीन मुख्य भाग असतात : क्लस्टरचा पत्ता, वापरकर्त्याची ओळख आणि या दोहोंची सांगड घालणारा 'कॉन्टेक्स्ट'. एकाच फाइलमध्ये अनेक कॉन्टेक्स्ट असू शकतात. मात्र एका वेळी त्यांपैकी एकच चालू म्हणून नोंदलेला असतो.

क्यूबसीटीएल हे साधन ही फाइल ठरावीक क्रमाने शोधते. आदेशात फाइलचे नाव दिले असल्यास केवळ तीच वापरली जाते. नसल्यास संगणकावरील 'क्यूबकॉन्फिग' या चलात नोंदलेल्या फाइली एकत्र करून वाचल्या जातात. तेही नसल्यास वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरमधील नेहमीची फाइल घेतली जाते.

चूक कोठे होते?

समजा, एका केंद्राचे दोन क्लस्टर आहेत : एक चाचणीचा, दुसरा प्रत्यक्ष सेवेचा. चाचणीतील जुना नेमस्पेस काढून टाकण्याचा आदेश दिला. परंतु चालू कॉन्टेक्स्ट प्रत्यक्ष सेवेचा होता आणि तेथेही त्याच नावाचा नेमस्पेस होता. नेमस्पेस काढला की त्यातील सर्व घटक नष्ट होतात. ऐन पेरणीत शेतकऱ्यांचा सल्ला थांबतो. कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे हे न पाहता पंप सुरू केल्यास पाणी भलत्याच शेतात जाते, तसेच हे आहे.

घ्यावयाची दक्षता

१. कोणताही बदल करण्यापूर्वी 'करंट-कॉन्टेक्स्ट' आदेशाने चालू जोडणी तपासावी.

२. 'गेट-कॉन्टेक्स्ट्स' आदेशाने सर्व जोडण्यांची यादी पाहावी व अनावश्यक जोडण्या काढाव्यात.

३. कॉन्टेक्स्टला 'चाचणी' व 'प्रत्यक्ष' असा भेद तत्काळ कळेल अशी नावे द्यावीत.

४. प्रत्येकास कामापुरतेच अधिकार द्यावेत. केवळ पाहणी करणाऱ्यास काढून टाकण्याचा अधिकार नसावा. 'ऑथ कॅन-आय' आदेशाने आपले अधिकार पडताळता येतात.

५. या फाइलमध्ये गुप्त किल्ली असू शकते. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये. अनोळखी व्यक्तीकडून आलेली क्यूबकॉन्फिग फाइल वापरू नये. तिच्यामार्फत संगणकावर घातक आज्ञावली चालविली जाऊ शकते.

६. कर्मचाऱ्याची बदली झाल्यास त्याचा प्रवेश त्वरित बंद करावा. केवळ त्याच्या संगणकावरील फाइल पुसणे पुरेसे नाही. क्लस्टरवरील अधिकारही काढावेत.

सारांश

आपण कोठे जोडलेले आहोत, कोणत्या ओळखीने आणि किती अधिकाराने, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आदेश देऊ नये. ही तपासणी काही क्षणांची असते. तिच्याअभावी झालेली हानी मात्र संपूर्ण हंगामाला भोवू शकते.